रत्नागिरीतील एक वाचा-उपचार केंद्र : एका सरपंचाचा अभिप्राय

राजापूर तालुक्यातील एका ग्रामपंचायतीचा मी सरपंच आहे आणि लहानपणापासून बोलताना अडखळतो. घरात आणि शेतावर कसेबसे निभावत असे. परंतु ग्रामसभेत माईक हाती आला की ‘पाणीपुरवठा’ शब्दातला पहिला ‘पा’च ओठांवर अडून बसे, आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावाड्यांतून टँकरची मागणी होत असताना हा शब्द टाळून सरपंचाचे काम चालत नाही. म्हणून रत्नागिरीतील एका वाचा-उपचारतज्ज्ञ मॅडमकडे मी जाऊ लागलो. आमच्याकडे या त्रासावर अजूनही वेखंड उगाळून मधातून चाटवण्याचाच सल्ला मिळतो, त्यामुळे या सेवेविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या भेटीत मॅडमनी कोणताही व्यायाम दिला नाही. माझे बोलणे आणि वाचन रेकॉर्ड करून मी किती अक्षरांवर अडतो, तेव्हा डोळे मिटतो का, मूठ आवळतो का, कोणते शब्द बदलून वेळ मारून नेतो, हे त्यांनी टिपून घेतले. पूर्ण बरे करण्याची हमी त्यांनी दिली नाही. माझा विश्वास बसला तो त्यामुळेच.

भजनात मी कधीच अडखळत नाही, यावरून ‘हा मुद्दाम करतो’ असे गावात बोलले जाई. गाताना किंवा अनेकांबरोबर एका सुरात म्हणताना बहुतेकांचे अडखळणे थांबते, हे मॅडमनी माझ्या आईला समोर बसवून शांतपणे समजावले. आमच्या घरासाठी या एका खुलाशाचे मोल फार मोठे आहे.

श्वास सोडता सोडता आवाज हळुवार सुरू करणे, ओठ घट्ट न दाबणे आणि शब्दात अडकल्यावर जोर न लावता ताण सैल करीत पुढे सरकणे, हा रोजचा सराव. सर्वांत कठीण वाटले ते मुद्दाम अडखळणे : बाजारात मासेवालीसमोर ‘बांगडा’ हा शब्द जाणूनबुजून अडखळत उच्चारायचा आणि नजर खाली घालायची नाही. अडखळण्याची भीतीच अडखळणे वाढवते, हे मला तिथे खरोखर कळले.

इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज हेही बोलताना अडखळत. राजा होण्यापूर्वी ड्यूक असताना, १९२६ मध्ये, त्यांनी ऑस्ट्रेलियाहून आलेले वाचा-उपचारतज्ज्ञ लायोनेल लोग यांच्याकडे उपचार घेणे सुरू केले आणि १९२७ मध्ये कॅनबेरा येथे ऑस्ट्रेलियाच्या संसद भवनाच्या उद्घाटनाचे भाषण केले. लोग त्यांच्याकडून श्वासाचे व्यायाम करून घेत आणि भाषणांत विराम आखून अवघड शब्दही बदलून देत. आमच्या मॅडम विराम आखू देतात, शब्द मात्र बदलू देत नाहीत. मला त्यांचेच म्हणणे पटते, कारण राजाचे भाषण कागदावर लिहिलेले असते, तर ग्रामसभेत मागच्या रांगेतून आलेल्या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर द्यावे लागते.

मी आजही अडखळतो. मात्र पूर्वी ठराव वाचायला ग्रामसेवकांकडे देत असे, ते आता सर्व ठराव मी स्वतः वाचतो, आणि थांबलो तरी लोक थांबतात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. उपचाराच्या खोलीला पातळ लाकडी आडोसा असल्याने बाहेर बसलेल्यांना आतले सगळे ऐकू येते; अडखळणाऱ्या नवख्या माणसासाठी ही गैरसोय लहान नाही. सायंकाळची वेळ मिळत नाही, त्यामुळे लांबच्या गावातून एसटीने येणाऱ्याचा पूर्ण दिवस जातो. व्हिडिओ कॉलवर सत्र घेण्याची सोय आहे, परंतु आमच्या वाडीत नेटवर्क टिकत नाही.

फी मला वाजवी वाटली. मॅडमची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी भिंतीवर लावलेली आहे. अन्यत्र जाणाऱ्यांनीही ती आधी पाहून घ्यावी. लहान मुलांपैकी अनेकांचे अडखळणे आपोआप जाते. पण ते सहा महिने ते वर्षभर टिकले, किंवा मूल बोलायलाच टाळू लागले, तर पालकांनी वाट न पाहता त्याला घेऊन यावे, असे मॅडम सांगतात.