टर्कीच्या शिकारीसाठी शॉटगनवर स्कोप की रेड डॉट?

अमेरिकेत वसंतातला टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की शॉटगनवर (छर्रे उडवणाऱ्या बंदुकीवर) नेम धरायला स्कोप (लक्ष्य मोठं दाखवणारी भिंगांची नळी) बसवायचा की रेड डॉट (काचेवर लाल ठिपका दाखवणारं साधन), यावर अनेकजण अडतात. नेम बहुधा 20 ते 40 यार्डांवरच धरायचा असतो, त्यामुळे मोठं मॅग्निफिकेशन मुळात लागतच नाही.

खरा फरक डोळ्याच्या जागेचा. स्कोपमागे डोळा साधारण 3-4 इंचांवर आणि मध्यरेषेतच हवा. जरा सरकला की कडेने काळी सावली येते. झाडाला टेकून बसलेल्या उजव्या हाताच्या शिकाऱ्याच्या उजवीकडून टर्की आली, तर अंग पिळून गाल बटवर (बंदुकीच्या मागच्या दांड्यावर) नीट बसत नाही. त्यात 12 गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) जड काडतुसाचा धक्का; डोळा फार जवळ असेल तर भुवई फुटते. रेड डॉटमध्ये ठिपका दिसला की पुरे, दोन्ही डोळेही उघडे राहतात.

पण बॅटरी संपली की रेड डॉट निकामी. हंगामाआधी नवी घालाच. पहाटेच्या अंधूक उजेडात ठिपका मंद ठेवा, नाहीतर तो पसरून टर्कीची मान झाकतो. उघड्या एमिटरवर (ठिपक्याचा प्रकाश सोडणाऱ्या भागावर) पावसाचा थेंब पडला तरी ठिपका फुटतो.

दोन्हींचे स्क्रू थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावून घट्ट करा आणि 40 यार्डांवर कागदावर छर्ऱ्यांचा पॅटर्न तपासा. नर की मादी हे दुर्बिणीने ओळखा, बंदूक रोखून नव्हे.

अॅस्टिग्मॅटिझममुळे (डोळ्याच्या वक्रतेतल्या दोषामुळे) ठिपका फाटलेला दिसत असेल किंवा तीच बंदूक स्लग (छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी) घालून हरणासाठी वापरायची असेल, तर 1-4 पट स्कोप घ्या. फक्त टर्कीसाठी बंद एमिटरचा रेड डॉट.