लो-व्हीओसी सिलिकॉन म्हणून कचरा विकला, माझे 1,16,112 गेले, तुम्ही तरी वाचून घ्या

नाशिकला माझं ॲल्युमिनियम खिडक्यांचं फॅब्रिकेशन आहे, चौदा वर्षं झाली, तरी फसलो. लाज वाटते पण लिहितोय. काम एका बंगल्याचं होतं, आयजीबीसीच्या (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) ग्रीन होम रेटिंगला टाकलेलं. मालकांच्या मुलीला दमा, म्हणून रंगापासून सीलंटपर्यंत (खिडकीच्या फटी बुजवायचं सिलिकॉन) सगळं लो-व्हीओसी, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी सोडणारं पाहिजे हे वर्क ऑर्डरमध्येच होतं. नेहमीच्या डीलरने न्यूट्रल (वाळताना ॲसिड न सोडणाऱ्या) सिलिकॉनचा रेट दिला 290 रुपये ट्यूब. तेवढ्यात फॅब्रिकेटर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने 205 टाकले, "झीरो व्हीओसी, न्यूट्रल क्युअर, ग्रीनप्रो सर्टिफाइड" (पर्यावरणाला बऱ्या मालाला मिळणारं सर्टिफिकेट), सोबत टीडीएस (मालाचं टेक्निकल पत्रक), एमएसडीएस (सुरक्षा पत्रक), लॅब रिपोर्ट, सगळं पीडीएफ. 20 बॉक्स, 480 ट्यूब, 98,400 अधिक 18 टक्के जीएसटी 17,712, सगळे ॲडव्हान्स. हाव म्हणाल तर हाव नव्हती हो, मागच्या साइटचं बिल अडकलेलं, आणि शिक्क्यासकट कागद समोर असल्यावर कोण शंका घेतं?

पण शंका यायलाच पाहिजे होती. पहिली ट्यूब फोडली तेव्हा सिलिकॉन मारणारा पोरगा म्हणाला, "शेठ, आंबट वास येतोय." मलाही आला, सरळ व्हिनेगरचा. ॲसिटॉक्सी सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, न्यूट्रलला तो वास येतच नाही, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहितीये. गन तिथेच खाली ठेवायची होती. मी काय म्हणालो? "मार रे, सोमवारी मालक येणारेत." अजून झोपताना ते वाक्य आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

11 बॉक्स संपले. दहा दिवसांनी खिडक्यांखालच्या मार्बलच्या पट्टीवर कडेने पांढरे डाग, ॲसिडने मार्बल खाल्ला. ग्रीन कन्सल्टंट मॅडमनी लॅबला फोन लावला तर तो रिपोर्ट नंबर कुठल्यातरी टाइल ॲडेसिव्हचा निघाला, नाव खोडून दुसरं टाकलेलं. ग्रीनप्रोच्या यादीत हा माल नाहीच. ती यादी ऑनलाइन फुकट बघता येते, दोन मिनिटांचं काम, मी केलं नाही. सगळं सिलिकॉन कापून काढायची मजुरी 63,500, मार्बल पॉलिश 18,000. म्हणजे नुसतं पाण्यात गेले 1,97,612, नवीन माल वेगळाच.

आता यंत्रणेचं ऐका. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन केला, म्हणे माल मिळालाय ना, मग हा सायबर फ्रॉड नाही. चौकीत गेलो तर "सिव्हिल मॅटर आहे, वकील करा". खोटा रिपोर्ट बनवून पैसे घेतले, हे सिव्हिल कसं? विकणारा ठाणे जिल्ह्यातला, तर "तिकडे जा". झीरो एफआयआर (गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी घ्यायची तक्रार) घ्या म्हटलं, नव्या बीएनएसएस कायद्यात कलम 173 आहे, तर साहेब म्हणतात आम्हाला कायदा शिकवू नका, आणि दोन तास बाकावर बसवून साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर उद्या या. तीन उद्या झाले. 1915 च्या ग्राहक हेल्पलाइनवर सांगितलं की तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवले. अहो मग छोट्या कॉन्ट्रॅक्टरने जायचं कुठे, टॅक्स भरताना मात्र बरोबर सापडतो आम्ही!

बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, माझ्या बिलावरचा कॅन्सल झालेला होता. बिल एका नावाचं आणि खातं दुसऱ्याच नावाचं असेल तर तिथेच थांबा. लॅबला फोन करताना रिपोर्टवर छापलेला नंबर लावू नका, स्वतः शोधून लावा. "झीरो व्हीओसी" असं नुसतं लिहिलेलं चालवून घेऊ नका, ग्रॅम प्रति लिटर किती आणि कुठल्या टेस्ट पद्धतीने ते विचारा. न्यूट्रल म्हणजे डोळे झाकून चांगलं असंही नाही, ऑक्झाइमवालं न्यूट्रल सिलिकॉन वाळताना बहुतेक वेळा मेको नावाचं रसायन सोडतं, युरोपात ते कॅन्सरच्या धोक्याच्या यादीत आहे, बेडरूमला अल्कॉक्सी प्रकारचं न्यूट्रल मागा. आणि आधी एक ट्यूब मागवा, काचेच्या तुकड्यावर मारा, वास घ्या, मगच पैसे.

9 बॉक्स पुरावा म्हणून गोडाऊनला ठेवलेत. निळं लेबल, पानाचं चित्र, बॅच नंबर खोडलेला. असा माल कुणाकडे आला असेल तर ट्यूब आणि बिल फेकू नका, मला मेसेज करा, चार-पाच जण मिळून एकदम अर्ज देऊ.