बिडची लेव्ही: दुसरं बिल भरल्यानंतरचा अनुभव

इंग्लंडात दुकान किंवा छोटं हॉटेल टाकायच्या विचारात असलेल्या आपल्या लोकांचे फोन येतात. भाडं, विमा, बिझनेस रेट्स (धंद्याच्या जागेवरचा कर) हे सगळं त्यांना कळलेलं असतं. अडतं ते एका बिलापाशी. ‘हे बिड काय प्रकरण आहे, आणि ते भरून मिळतं काय?’ माझं वडापाव-मिसळीचं कॅफे दक्षिण इंग्लंडातल्या एका बाजारगावात आहे, हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावर नाही, तिथून आत वळणाऱ्या गल्लीत. बिडच्या लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या वर्गणीचं, दुसरं बिल नुकतंच भरलं, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

बिड म्हणजे बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट. गावाच्या मध्यवर्ती बाजारपेठेभोवती नकाशावर रेघ आखतात आणि रेघेच्या आतल्या व्यावसायिकांचं मतदान घेतात. कौल ‘हो’ आला की जास्तीत जास्त ५ वर्षांसाठी प्रत्येकाकडून लेव्ही वसूल होते, ‘नाही’ म्हणणाऱ्यांकडूनसुद्धा. ५ वर्षं संपली की पुन्हा मतदान, आणि त्यात हरलं तर बिड बंद. पैसा खर्च करते ती नफा न कमावणारी कंपनी, आणि तिच्या संचालक मंडळावर बहुतेक इथलेच व्यापारी असतात, बिनपगारी.

ही कल्पना मूळची टोरांटोची. तिथल्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये १९७० साली अशी पहिली योजना सुरू झाली. भुयारी रेल्वे आल्यावर लोक ट्रामने रस्त्यावरून जायचे ते जमिनीखालून जायला लागले, त्यात मॉल उभे राहिले, आणि रस्त्यावरची गिऱ्हाइकं आटली. दुकानदारांनी दिवे, बाकं, झाडं यांसाठी पैसे काढायचं ठरवलं, पण काही जण भरणार आणि बाकीचे फुकटात फायदा घेणार हे नको होतं. म्हणून सर्वांना सक्तीचं करणारी कायदेशीर तरतूद मागून घेतली. इंग्लंडात त्यासाठीचा कायदा २००३ साली झाला, आणि लंडनच्या नैर्ऋत्येला असलेल्या किंग्स्टनमध्ये २००५ साली ब्रिटनमधलं पहिलं बिड सुरू झालं. आता देशभरात ३०० च्या वर आहेत.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैशाचं. माझ्या जागेची रेटेबल व्हॅल्यू, म्हणजे रेट्ससाठी धरलेलं जागेचं वार्षिक भाडेमूल्य, ११,५०० पौंड. इंग्लंडात एकच जागा असेल आणि व्हॅल्यू १२,००० पर्यंत असेल तर छोट्या धंद्याच्या सवलतीत बिझनेस रेट्स शून्य होतात. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, शून्याचं बिल पाहून मी खुशीत होतो, तेवढ्यात त्याच कौन्सिलचं दुसरं पाकीट आलं: बिड लेव्ही, दीड टक्का, १७२ पौंड ५० पेन्स. रेट्सची सवलत लेव्हीला आपोआप लागू होत नाही. काही बिडं ठरावीक व्हॅल्यूखालच्या दुकानांना वगळतात, आमचं वगळत नाही. जागा घेताना एजंटला हे विचारा, तो स्वतःहून सांगणार नाही.

आपल्याकडे व्यापारी संघाची वर्गणी मागायला आले की ‘मालक जेवायला गेलेत, उद्या या’ म्हणून आठवडा काढता येतो. इथे तसं चालत नाही. लेव्ही थकवली तर रेट्ससारखीच मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातून वसुली होते.

तर १७२ पौंडांत मला काय मिळालं? सगळ्यात आधी रेंजर. बिडने नेमलेली, गणवेशातली दोन माणसं पेठेत फिरत असतात. माझ्या कॅफेच्या मागे एक बोळ आहे, तिथे पाच-सहा दुकानांचे कचऱ्याचे डबे उभे असतात. पूर्वी तिथे कुणीतरी रात्री जुन्या गाद्या आणून टाकायचं. कौन्सिलला कळवलं की तक्रार क्रमांक यायचा आणि गादी पावसात भिजत राहायची. आता मी रेंजरला फोटो पाठवतो. त्यातली बाई, वय पन्नाशीच्या पुढचं, हातात चिमटा आणि कमरेला वॉकीटॉकी, दुपारपर्यंत स्वतः येते, डब्यांची झाकणं लावते, गादीवर कुणाचं पत्त्याचं लेबल राहिलंय का तेही उलटून बघते, आणि उचलायची गाडी कधी येणार ते सांगून जाते. ती कोणत्या दिवशी रजेवर असते हे गल्लीतल्या सगळ्यांना पाठ आहे. हाक मारल्यावर ओ देणारं माणूस बाजारात असणं, माझ्या मते लेव्हीतला निम्मा अर्धा मोबदला तोच.

दुसरी कामाची गोष्ट रेडिओ. पेठेतली दुकानं, पब, रेंजर आणि सीसीटीव्हीची खोली एका जाळ्यात जोडलेली असतात. मागच्या हिवाळ्यात गल्ल्यावरची टिपांची बरणी एकाने उचलून नेली. मी रेडिओवर जाकीट, टोपी, बूट असं वर्णन सांगितलं, आणि तो पुढच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात शिरायच्या आत तिथला रखवालदार दारात उभा होता. बरणी परत आली नाही. रेंजरना पोलिसांचे अधिकार नसतात, ते कुणाला धरून ठेवत नाहीत, आणि पोलीस बरणीसाठी येत नाहीत. पण संध्याकाळी एकटीने दुकान बंद करणाऱ्या माझ्याकडच्या मुलीला तो रेडिओ हाताशी असण्याचा किती आधार वाटतो, ते तिलाच विचारा.

इथे एक शंका रास्त आहे: झाडलोट, सुरक्षा ही तर कौन्सिलची कामं, मग दोनदा पैसे का? त्यासाठी ‘बेसलाइन’ नावाचा करार असतो. कौन्सिल आणि पोलीस आधीपासून काय देतात ते त्यात लिहून ठेवायचं आणि बिडच्या पैशाने फक्त त्यावरचं काम करायचं. उदाहरणार्थ, आमच्याकडे रस्ता झाडते कौन्सिल, पण फरसबंदीवरचे च्युइंगगमचे डाग वाफेच्या मशीनने काढते बिड. मी करार मागितला, ईमेलवर मिळाला. वाचायला कंटाळवाणा आहे, तरी वाचावा. कौन्सिलने झाडायच्या फेऱ्या कमी केल्या तर बोट ठेवायला जागा राहते.

कचऱ्याचा सामूहिक कंत्राटदार हाही फायदाच. अनेक दुकानं मिळून एकच ठेका असल्यामुळे माझा डबा उचलण्याचा दर उतरला, आणि त्या एका बाबीतून लेव्हीचा बराच भाग वसूल झाला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या धंद्यांनाही ३१ मार्च २०२७ पासून इंग्लंडात ओला कचरा वेगळा द्यावा लागणार आहे, तेव्हा खाण्याचा धंदा करणाऱ्यांनी हे आत्ताच विचारून ठेवलेलं बरं.

आता जे खटकलं ते. पहिल्या उन्हाळ्यात बिडने हाय स्ट्रीटवर ‘फूड मार्केट’ भरवलं. बाहेरगावच्या खाण्याच्या गाड्या आल्या आणि त्यातली एक, भारतीय स्ट्रीट फूडची, बरोबर आमच्या गल्लीच्या तोंडाशी लागली. मी भरलेल्या पैशातून माझ्याच दाराशी स्पर्धक आणून उभा केला होता, आणि पेठेतली गर्दी समोसे खाऊन तिथूनच परत फिरत होती. शनिवारचा दिवस, भिजवलेल्या पिठाचं काय करू हा प्रश्न. पुढच्या सभेत मी हा विषय काढला, बेकरीवालीने आणि पिझ्झावाल्याने साथ दिली. बिडच्या मॅनेजरने आधी ‘एकूण फूटफॉल (येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या) वाढला’ असा आलेख दाखवला. फूटफॉल मोजायचा कॅमेरा मोठ्या दुकानासमोर आहे, आमच्या गल्लीत नाही, हे सांगितल्यावर तो गप्प झाला. पुढच्या वेळी नियम बदलला: लेव्ही भरणाऱ्या खाण्याच्या दुकानांना आधी विचारायचं, त्यांना जागा फुकट, उरलेल्या जागा बाहेरच्यांना. मी दारातच स्टॉल लावला, वडापाव दुपारीच संपले. पण भांडल्याशिवाय हे झालं नसतं.

नाताळच्या रोषणाईबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बजेटचा मोठा घास तीच खाते, दिवे लावायच्या संध्याकाळी रस्ता फुलून जातो, लोक फोटो काढतात आणि गाडीत बसून घरी जातात. मोठ्या दुकानांना उपयोग होत असेल. त्यापेक्षा गावचं गिफ्ट कार्ड मला आवडलं. ते याच पेठेत चालतं, सुपरमार्केटच्या वेबसाइटवर नाही. इथल्या कंपन्या डिसेंबरात कामगारांना देतात, आणि जानेवारीत, एरवी माशा मारायच्या दिवसांत, ते कार्ड घेऊन नवीन चेहरे मिसळ ‘ट्राय’ करायला येतात.

बिड काय करू शकत नाही तेही लिहितो, म्हणजे अपेक्षाभंग नको. भाडं मालकाच्या हातात, पार्किंगचे दर कौन्सिलच्या हातात, रेट्स सरकारच्या हातात. बंद पडलेल्या दुकानाच्या काचेवर रंगीत चित्रं चिकटवणं बिडला जमतं, ते दुकान उघडणं नाही. आमच्याकडे एका जुन्या कपड्यांच्या दुकानावर चिकटवलेला हसऱ्या कुटुंबाचा फोटो आता उन्हाने निळा पडलाय.

मतदानाचं गणित मात्र प्रत्येक छोट्या दुकानदाराने समजून घ्यावं. ‘हो’ला दोन बहुमतं लागतात: पडलेल्या मतांच्या संख्येत आणि त्या मतांमागच्या एकूण रेटेबल व्हॅल्यूत. म्हणजे कागदावर छोट्यांकडे संख्या आणि मोठ्यांकडे मूल्य, दोघांपैकी कुणीही अडवू शकतं. प्रत्यक्षात छोटे मतच देत नाहीत. जितक्या जागा तितकी मतं, त्यामुळे वाचनालय, कार्यालयं, वाहनतळ यांची मतं कौन्सिलकडेही असतात. साखळी दुकानांच्या मतपत्रिका मुख्यालयात जातात आणि तिथे कुणीतरी देशभराच्या धोरणाप्रमाणे खूण करतं. मग आराखडा हाय स्ट्रीटच्या सोयीचा होतो आणि गल्ल्यांच्या वाट्याला नकाशावरची रेघ येते.

पुढचं मतदान जवळ आलंय. मी ‘हो’ म्हणणार आहे, पण नव्या आराखड्यात दोन गोष्टी लेखी हव्यात असं कळवलंय: रेंजरची गल्लीतली फेरी संध्याकाळी दुकानं बंद व्हायच्या वेळी, आणि एक मोजणी कॅमेरा आमच्या बाजूला. पहिल्याला होकार आलाय. दुसऱ्यावर ‘विचार चालू आहे’. गल्लीऐवजी मी हाय स्ट्रीटवर असतो तर बिनशर्त ‘हो’ म्हटलं असतं, आणि गावाच्या कडेला रेघेच्या जेमतेम आत असतो तर बहुधा ‘नाही’.

मतपत्रिका टपालाने येते, मतदानाच्या दिवसाआधी किमान २८ दिवस. तुम्ही चालू दुकान घेतलं असेल तर यादीत अजून जुन्या भाडेकरूचं नाव असू शकतं, ते बिडच्या कार्यालयाला आणि कौन्सिलला कळवून आधीच बदलून घ्या. माझ्या शेजारच्या तुर्की न्हाव्याला बिडची पत्रं अजून आधीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या नावाने येतात. लेव्हीचं बिल मात्र पहिल्या महिन्यापासून बिनचूक त्याच्याच नावावर येतंय.