कोन्व्हा: फोटो गोल, मग चौकट का फुगते?

लग्नपत्रिका आणि फ्लेक्स जुळवायच्या एका छोट्या एडिटरसाठी गेले काही महिने कोन्व्हा ही वेबपानावर आकार आणि फोटो मांडायची जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरतोय. लेयर, ड्रॅग, इव्हेंट वगैरेंबद्दल काही तक्रार नाही. आज लिहायला बसलोय ते फक्त गेटक्लायंटरेक्टने, म्हणजे आकाराभोवतीची सरळ चौकट मोजून देणाऱ्या फंक्शनने, डोकं उठवलं म्हणून.

ग्राहकाने वधूवरांचा गोल फोटो ४५ अंश फिरवला आणि तो पानाच्या कडेला टेकेचना. त्रिज्या १०० पिक्सेल. वर्तुळ कसंही फिरवा, रुंदी २००च राहणार ना? पण हे फंक्शन आधी वर्तुळाभोवती चौकोन आखतं, तो चौकोन फिरवतं आणि त्याला बाहेरून पुन्हा सरळ चौकट घालतं. उत्तर येतं २८३. म्हणजे प्रत्येक कडेला ४१ पिक्सेल उगाच वाया. ग्रुपमध्ये (एकत्र बांधलेल्या आकारांत) तर त्याहून कहर: आतला १०० चा चौरस ४५ अंश फिरवा, ग्रुप उणे ४५. पडद्यावर चौरस अगदी सरळ उभा, आणि ग्रुपची चौकट म्हणे २००!

साध्या फोटोला मात्र हेच गणित चोख बसतं. ४०० बाय ३०० चा फोटो ३० अंशात ४९६ बाय ४६० भरतो, तेवढंच उत्तर मिळतं. फक्त सावली आणि बॉर्डरही मापात धरली जाते. नको असेल तर स्किपशॅडो, स्किपस्ट्रोक द्यायचं. हे आधी वाचून ठेवा, नाहीतर रेषेत लावलेले फोटो वाकडे दिसतात.

ट्रान्सफॉर्मरवरही (फोटो ओढून लहानमोठा करायची, फिरवायची चौकट) सुरुवातीला माझा राग होता. कोपरा ओढला की विड्थ-हाइट जागच्या जागी, बदलतात ते स्केलएक्स आणि स्केलवाय, म्हणजे आडवी-उभी किती पट ते. आता वाटतं, हेच बरं. फोटोचं मूळ माप हाताशी राहतं, आरशासारखा उलटवायचा तर स्केल उणे केलं की झालं. बॉर्डर जाड होते, पण त्याला स्ट्रोकस्केलएनेबल्ड बंद करता येतं. आकडा टाकून फिरवलं की फोटो डाव्या वरच्या कोपऱ्याभोवती गरागरा फिरतो. ऑफसेट, म्हणजे ज्या बिंदूभोवती फिरतं तो, मध्यावर आणा, आणि एक्स-वायही तेवढेच सरकवा.

वर्तुळाचा तोडगा शेवटी स्वतःच लिहिला. आकार कुठे, किती पट आणि किती फिरवून दिसणार हे ठरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मच्या मॅट्रिक्समध्ये ए ते एफ असे सहा आकडे असतात. त्यातल्या ए आणि सी यांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, गुणिले त्रिज्या: ही चौकटीची अर्धी रुंदी. बी आणि डी घेऊन तसंच केलं की अर्धी उंची. चार ओळींचं काम. ते लायब्ररीतच असतं तर काय बिघडलं असतं, देव जाणे.

सोडणार नाही, कारण एमआयटी परवाना आहे, फुकट आहे, आणि दरमहा पैसे मागणारा तयार एडिटर आमच्या मालकांना परवडणारा नाही. ग्रुपसाठी प्रत्येक आकाराचे कोपरे थेट स्टेजपर्यंत (सगळ्यात बाहेरच्या पडद्यापर्यंत) नेऊन चौकट एकदाच, अगदी शेवटी काढायला हवी. ते अजून व्हायचंय. तोवर ग्रुपच्या आतलं फिरवायचं बटण बंद ठेवलंय.