घरी बांधलेला कॅम्पिंग ट्रेलर: इंदूरहून तिन्ही ऋतूंत ओढल्यानंतर

मंडळी, गेल्या दिवाळीच्या सुमारास ट्रेलर तयार झाला, त्यानंतर थंडी झाली, निमाडातला (नर्मदेकडच्या गरम पट्ट्यातला) उन्हाळा झाला आणि आता पावसाळाही बराचसा काढून झालाय, म्हणून म्हटलं आता सविस्तर लिहावं, कारण बांधल्याबांधल्या सगळंच भारी वाटतं, खरं काय ते कच्च्या रस्त्यावर महिनोन्महिने ओढल्यावरच कळतं. लोक भेटले की विचारतात कुठली बॅटरी, कुठला फ्रिज, कुठला टेंट. माझं मत आता अगदी पक्कं झालंय की वजन किती आणि ते कुठे ठेवलंय, आणि धूळ-पाणी आत शिरतंय का, एवढं जमलं की बाकीचं हळूहळू होत राहतं. हे जमलं नाही तर महागातला फ्रिजही डोक्याला तापच.

ओढणारी गाडी फोर बाय फोर गुरखा, म्हणजे आपल्या पिथमपूरचीच. ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा, चाकं गाडीच्याच मापाची आणि त्याच बोल्ट पॅटर्नची, त्यामुळे एक स्टेपनी दोघांना चालते. अ‍ॅक्सलची रुंदीही गाडीएवढीच घेतली आणि हे फार म्हणजे फार कामाचं ठरलं, माळव्यातली काळी माती ओली झाली की ट्रेलर गाडीच्याच चाकोरीतून मागे येतो, अरुंद असता तर दर वेळी नवी चाकोरी कापत बसला असता आणि इंजिनवर तो सगळा लोड आला असता.

कागदांचं आधी सांगतो कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. १९८८च्या मोटर वाहन कायद्यात ट्रेलरची व्याख्या वेगळी आहे, त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन आणि स्वतःची नंबर प्लेट लागते, गाडीच्या कागदांवर तो चालत नाही. म्हणून चॅसी आणि अ‍ॅक्सल मी घरी बनवलंच नाही, मंजुरी असलेला छोटा मालवाहू ट्रेलर रजिस्ट्रेशनसकट घेतला आणि त्यावर कॅम्पिंगचा डबा स्वतः बांधला. डबा आठ बोल्टवर बसतो आणि सामानासारखा उतरवता येतो, चॅसीला कुठेही वेल्डिंग नाही. कलम ५२ मध्ये गाडीत मनाने बदल करायला मनाई आहे, त्यामुळे अख्खा ट्रेलर घरी वेल्ड करायचा विचार असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा, मग लोखंड घ्या.

डब्याचा सांगाडा लोहामंडीतून आणलेल्या चौकोनी पाइपचा. सांवेर रोडवरच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भिया, लोहा जित्ता कम उत्ता अच्छा, खींचना तो गाड़ी को है", आणि त्या एका वाक्याने माझे बरेच पैसे वाचले. सगळीकडे ५० बाय ५०चा पाइप लावायच्या ऐवजी खालची चौकट तेवढी जाड ठेवली, वरचं सगळं २५चं. बाहेरून एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि मधे प्लास्टिक), आतून १२ एमएम मरीन प्लाय, मधे उष्णता अडवायला २५ एमएमचा एक्सपीएस फोम. सगळं भरून, पाणी-गॅससकट, देवास नाक्याच्या धर्मकाट्यावर ६९० किलो भरलं. ट्रेलरला ब्रेक नाही, आरसीवर एकूण वजन ७५० आहे, त्याच्या आतच राहायचं हे आधीच ठरवलं होतं.

आता वजन कुठे ठेवायचं ते. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या टोकावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पडायला पाहिजे, कमी पडला की मागचं शेपूट डोलायला लागतं आणि स्पीड वाढला की ते डोलणं वाढतच जातं. ट्रेलर आला तेव्हा स्टेपनी मागच्या दाराजवळ लटकवलेली होती, दिसायला झकास. घरचा वजनकाटा घेतला, त्यावर लाकडाचा ओंडका उभा करून हिच टेकवलं तर भरलं ४८ किलो, म्हणजे जेमतेम सात टक्के. स्टेपनी ३० किलोची, अ‍ॅक्सलच्या मागे सव्वा मीटरवर. ती काढून पुढे ड्रॉबारवर (हिचपर्यंत जाणाऱ्या दांड्यावर) अ‍ॅक्सलपासून साधारण तेवढ्याच अंतरावर बसवली आणि परत वजन केलं तर ७८! एक चाक इकडचं तिकडे केलं आणि थेट अकरा टक्क्यांवर आलो, कारण मागचं वजन नुसतं हिचवर येत नाही असं नाही, ते हिचला वर उचलत असतं. एबी रोडवर (आग्रा-मुंबई हायवेवर) बाजूने बस जोरात गेली की आधी स्टिअरिंगमध्ये जो हलका झोल जाणवायचा तो त्या दिवसापासून गेला. ६० लिटरची पाण्याची टाकीही अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे, अगदी खाली, आत दोन आडव्या भिंती घालून बसवलीय, म्हणजे अर्धी रिकामी असताना पाणी मागेपुढे धडका देत नाही.

कमानीचं, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, काम दुसरं. मालवाहू ट्रेलरची कमानी मालासाठी असते, ती कडक, मग दर खड्ड्यात ट्रेलर उडतो. चोरलकडच्या कच्च्या रस्त्यावरून आल्यावर फ्रिज उघडला तर अंड्यांचा ट्रे म्हणजे आम्लेटच झालेलं आणि दोन कप्प्यांचे स्क्रू ढिले होऊन खाली पडलेले. ट्रेलर बनवणाऱ्याकडेच हलक्या कमानीचा सेट आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा ऑप्शन होता, तो घेतला. आता कच्चा रस्ता लागला की गाडी आणि ट्रेलर दोन्हीची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवतो आणि ट्रेलर मागे शांतपणे येतो, अंडी शाबूत राहतात. चार पैसे कमी असतील तर बाकी सगळं थांबवा पण हे आधी करा.

धुळीबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे कारण मला त्रासही तिनेच सगळ्यात जास्त दिला. मार्चनंतर माळव्यातल्या शेतरस्त्यांवरची धूळ म्हणजे पिठापेक्षा बारीक, आणि चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे मागच्या दाराच्या प्रत्येक फटीतून ती आत ओढली जाते. दार कितीही घट्ट लावा. उघडलं की सेवच्या डब्याच्या झाकणावर करडा थर, बोट फिरवलं की रेघ उमटते, आणि चमच्यांच्या कप्प्यात तर पार कोपऱ्यात साचलेली. आधी सियागंजातून (इंदूरच्या बाजारातून) चांगलं, पोकळ नळीवालं, गाड्यांच्या दाराला असतं तसं रबर आणलं, चिकटवायच्या साध्या फोमच्या पट्ट्या सगळ्या काढून टाकल्या, कारण फोम एकदा दबला की परत फुगत नाही. मग साध्या कड्या काढून दार आत खेचून दाबणारे लॅच लावले. याने बरीच कमी झाली, पण पूर्ण बंद झाली ती पुढच्या भिंतीत वर एक तोंड काढून त्याला एअर फिल्टर बसवल्यावर. गाडी चालू असताना समोरची हवा फिल्टरमधून डब्यात भरते, आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहतो, म्हणजे फट असलीच तरी हवा आतून बाहेर जाते, धूळ घेऊन आत येत नाही. गांधीसागरच्या बाजूला मे महिन्यात गेलो तेव्हा दिवसभर गाडी धुळीत होती आणि रात्री हिने पोळीचा डबा उघडला तर झाकण स्वच्छ! मला त्या झाकणाचा जो आनंद झाला तो नवी गाडी घेतानाही झाला नसेल. फिल्टर मात्र प्रत्येक ट्रिपनंतर झटकायचा. आणि गॅसच्या कप्प्याचं खालचं भोक धुळीसाठी म्हणून अजिबात बुजवू नका, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालूनच बाहेर जायला पाहिजे. माझा पाच किलोचा सिलिंडर बाहेरच्या वेगळ्या कप्प्यात आहे, झोपायच्या किंवा सामानाच्या जागेशी त्याचा काही संबंध नाही.

वीज. १०० एएचची (अँपिअर-अवरची) लिथियम फॉस्फेट बॅटरी, १२.८ व्होल्ट, म्हणजे १२८० वॉट-अवर, आणि वजन लेड-अ‍ॅसिडच्या निम्म्याहून कमी. ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज निमाडात ४३-४४ डिग्रीत दिवसाला ५००च्या आसपास खातो, वर दिवे, पंखा, मोबाईल, म्हणजे ऊन नसलं तरी दोन दिवस निघतात. छतावर २०० वॉटचं पॅनल आहे पण २०० वॉट मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका, पॅनल आडवं असतं आणि तापलं की व्होल्टेज पडतं, भर उन्हाळ्यात दुपारी मला १४०-१५० मिळतात. चालत्या गाडीतून चार्ज करायला २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे. इथे वायरकडे नीट बघा: गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत सहा मीटर, परत येताना सहा, आणि २.५ स्क्वेअरच्या (चौरस मिमी जाडीच्या) तांब्याच्या वायरमध्ये २० अँपिअरला दीड व्होल्टहून जास्त वाटेतच जातात. १० स्क्वेअरची टाकली तर तेच नुकसान अर्ध्या व्होल्टच्याही आत येतं. दिव्यांच्या सात पिनच्या प्लगमधून हा करंट नेऊ नका, त्याला वेगळा अँडरसन कनेक्टर (जास्त करंटचा जाड प्लग) आणि दोन्ही टोकांना फ्यूज.

पावसाळ्यात डबा आतून कोरडा राहिला. मरीन प्लायच्या कडा आणि प्रत्येक स्क्रूचं भोक बसवायच्या आधी इपॉक्सीने बंद केलं होतं, त्याचं फळ आता मिळतंय, कारण प्लायमध्ये पाणी पृष्ठभागातून कमी आणि कडेतून जास्त शिरतं. सांध्यांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरलंय, सिलिकॉन नाही. सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि पुढे दुरुस्ती करायची म्हटलं तर त्यावर दुसरं काही धरतच नाही, खरवडत बसावं लागतं.

पाण्याचा खरा धोका चाकाच्या बेअरिंगला. तास-दोन तास चालून हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) तापलेला असतो आणि तसाच नदीत घातला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते, मग ग्रीसचं दुधाळ लोणी होतं आणि पुढच्या ट्रिपला बेअरिंग कुरकुरायला लागतं. म्हणून पाण्याच्या आधी थांबायचं, चहा घ्यायचा, हबला हात लावून थंड झालाय बघायचं, मगच उतरायचं. पाऊसभर मी पाणी ओलांडलेल्या प्रत्येक ट्रिपनंतर हब उघडून ग्रीस बघतोय. एक बेअरिंग सेट, सील, ग्रीसचा डबा आणि कॉटर पिन कायम पुढच्या कप्प्यात असतात.

किचन मागे सरकून बाहेर येतं, त्याची उंची आईच्या हिशोबाने घरच्या ओट्याएवढी ठेवलीय, तिला वाकायला लागत नाही. महेश्वरला गेलो होतो तेव्हा सकाळी तिने तिथेच उभं राहून सगळ्यांचे पोहे केले, वर जीरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) आणि सेव, आणि मला स्वच्छ सांगितलं की मांडणीला उजव्या हाताला जागा कमी आहे. मग तिथे एक दुमडणारी फळी लावली. बाकी किचनमध्ये सांगण्यासारखं फार नाही.

महेश्वरला आम्ही महूवरून, अहिल्याबाईंच्या काळातल्या जाम दरवाज्याच्या बाजूने घाट उतरून जातो. ब्रेक नसलेला ट्रेलर मागे असेल तर अशा घाटात वरूनच दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लागायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. सपाट हायवेवर मी ७०च्या वर जात नाही. रिव्हर्सला लोक घाबरतात, त्यावर सोपा उपाय म्हणजे स्टिअरिंग खालच्या बाजूने धरायचं, मग हात ज्या बाजूला जाईल तिकडेच ट्रेलरचं मागचं टोक जातं. ड्रॉबार लांब असला की हे आणखी सोपं, आखूड ट्रेलर पटकन दुमडतो. मोकळ्या मैदानात एक रविवार घालवा, हात बसतो.

खर्च, चॅसी आणि कागद धरून, पण रूफटॉप टेंट सोडून, साधारण तीन लाखांच्या घरात गेला, त्यात बॅटरी, फ्रिज आणि चार्जरचाच वाटा मोठा. टेंटचं वजन सगळ्यात वर येतं, त्यामुळे आडव्या उतारावर मी फार जपून चालवतो, तो खाली उतरवून जमिनीवरचा टेंट घ्यायचा का यावर घरी चर्चा चालू आहे, मुलीचा ठाम विरोध आहे.

पुढचं काम हिचचं. ५० एमएमचा बॉल रस्त्यावर एकदम चांगला, पण गाडीचं एक चाक नाल्यात आणि ट्रेलरचं दगडावर असं झालं की कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) एका मर्यादेपर्यंतच वळतो, नंतर अडतो आणि ड्रॉबारला पीळ बसतो. पूर्ण गोल फिरणारा ऑफ-रोड कपलर लावायचाय, तोही ट्रेलर बनवणाऱ्याच्या मंजूर ऑप्शनमध्ये असेल तरच. त्याच्याशी बोलणं चालू आहे, आणि त्याच वेळी ओव्हररन ब्रेकही (गाडी हळू झाली की ट्रेलरच्या पुढे रेटण्यानेच लागणारा) मिळाला तर दोन्ही एकदमच बसवून घेईन.