बेसबॉलच्या कॅचरसाठी चपटा ट्रेनिंग ग्लव्ह: हाताचा जोर वाढत नाही, पण चेंडू लवकर सुटतो

धावणारा सेकंड बेस चोरायला लागला, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच तिकडे पळाला, की सगळे कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू पकडणाऱ्याच्या) खांद्याकडे बघतात. हिशेब मात्र वेगळं सांगतो. होम प्लेटपासून (बॅटर जिथे खेळतो तिथून) सेकंड बेस 127 फूट 3⅜ इंचांवर आहे. हवेचा अडथळा सोडला तर ताशी 75 मैलांचा थ्रो हे अंतर 1.16 सेकंदांत कापतो. चेंडू मिटमध्ये (कॅचरच्या जाड ग्लव्हमध्ये) आल्यापासून हातातून सुटेपर्यंत 0.8 सेकंद धरले, तर पॉप टाइम, म्हणजे चेंडू मिटमध्ये आल्यापासून सेकंड बेसवर पोहोचेपर्यंतचा वेळ, 2 सेकंदांच्या आसपास येतो. मेजर लीगची (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगची) सरासरीही तेवढीच आहे. आता 0.8 मधला फक्त 0.1 सेकंद वाचवा. तेवढाच फायदा हाताच्या जोरावर हवा असेल तर थ्रो 82 मैलांवर न्यावा लागेल. म्हणून ट्रान्स्फरवर (चेंडू मिटमधून हातात घेण्यावर) खर्च केलेला वेळ आधी वसूल होतो, आणि हा ग्लव्ह त्याच एका कामासाठी आहे.

साधारण नऊ इंचांचा, भाकरीसारखा सपाट, पॉकेट (चेंडू बसायचा खोलगट भाग) नसलेला हा ग्लव्ह असतो. बोटं मिटून चेंडू पकडताच येत नाही. तळव्यावर आदळल्या क्षणी उजवा हात तिथे नसेल तर चेंडू खाली. हीच त्याची सगळ्यात चांगली बाजू. नेहमीच्या मिटमध्ये चेंडू आत रुतून बसतो आणि उशिरा आलेला हात झाकला जातो. इथे चूक लगेच जमिनीवर दिसते.

सुरुवात गुडघ्यांवर बसून करावी. दहा-बारा फुटांवरून खालून हळू टाकलेले 20 चेंडू, थ्रो अजिबात नाही, फक्त पकडून फोर-सीम ग्रिप (बोटं शिवणीवर आडवी) लावायची. ग्लव्हने चेंडू उजव्या कानाच्या दिशेने आणायचा आणि हाताने तिथेच भेटायचं. बहुतेक मुलं उलट करतात: हात पुढे नेऊन छातीसमोर चेंडू उचलतात. त्यामुळे कोपर खाली राहतं आणि थ्रो तरंगतो. दुसरा टप्पा उभा राहून, पावलांसकट: उजवं पाऊल चार-सहा इंच पुढे, शरीराच्या खाली; डावं सेकंड बेसच्या रेषेत. डोकं वर उसळलं की वेळ गेलाच. यानंतर सात फुटी जाळीत 10 थ्रो, निशाणा गुडघ्याच्या उंचीवर. चेंडू सतत फर्स्ट बेसच्या बाजूला (उजवीकडे) वळत असेल तर आधी ग्रिप तपासा. बोटं शिवणीवर आडवी पडलेली नसतात, हेच बहुधा कारण असतं.

या ग्लव्हचा एक दुष्परिणाम कुणी सांगत नाही. त्याची सवय झालेला मुलगा चेंडू पकडण्याऐवजी हाताकडे ढकलायला लागतो. मग खऱ्या मिटमध्ये चेंडू बसण्याआधीच मनगट फिरतं आणि साधा स्ट्राइक (बॅटरच्या आवाक्यात सरळ आलेला चेंडू) हातातून निसटतो. म्हणून प्रत्येक सत्राचे शेवटचे 10 चेंडू स्वतःच्या मिटनेच घ्यावेत. पिचरचे (बॅटरला चेंडू टाकणाऱ्याचे) वेगवान चेंडू तर या ग्लव्हवर कधीच घेऊ नयेत. तळव्याखालचं फोम पातळ असतं आणि अंगठ्याच्या मुळाशी जबर मार बसतो.

फरक पडतोय का, हे मोबाइलवरच कळतं. सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये बाजूने शूट करा, मिटला चेंडू लागल्यापासून सुटेपर्यंतच्या फ्रेम मोजा. 192 फ्रेम म्हणजे 0.8 सेकंद, 168 म्हणजे 0.7. हातातलं स्टॉपवॉच इतक्या बारीक फरकासाठी उपयोगाचं नाही.

लहान मैदानावर खेळणाऱ्यांनी घाई करू नये. लिटल लीगच्या (लहान मुलांच्या बेसबॉलच्या) मैदानावर, जिथे दोन बेसमध्ये 60 फूट अंतर असतं, सेकंड बेस 84 फूट 10 इंचांवर येतो आणि चेंडू बॅटरपर्यंत पोहोचेपर्यंत धावणाऱ्याला बेस सोडता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला आधी नीट पकडता यायला हवं. मोठ्या मैदानावर गेलेल्यांना मात्र हा सराव लागतोच. 2023 मध्ये मेजर लीगने बेस 15 वरून 18 इंचांचे केले, पिचरच्या पिकऑफवर (धावणाऱ्याला बाद करायला बेसकडे चेंडू टाकण्यावर) मर्यादा घातली, आणि चोरलेले बेस एका वर्षात 2,486 वरून 3,503 झाले.

हाताचा भार वेगळा मोजा. गुडघ्यावरचा सराव रोज चालेल, पण पूर्ण जोराचे थ्रो एका सत्रात 10-15 पुरे. चार किंवा जास्त इनिंग कॅचर राहिलेल्या मुलाला त्याच दिवशी पिचिंग करू न देण्याचा लिटल लीगचा नियम आहे, आणि तो सरावाच्या दिवशीही पाळावा.

विकत घेताना मनगटाचा पट्टा बघा. वेल्क्रो सैल पडला की चपटा ग्लव्ह हातावर फिरतो आणि सराव वाया जातो. लेसवाला जास्त टिकतो. आणि मुलाकडे स्वतःचं, हाताला बसलेलं मिट नसेल तर पैसे आधी त्यावर घालावेत.