जंगली जनावरांचे पायठसे ओळखायचं वर्कशॉप (काटोल रोड, नागपूर): पैसे वसूल, पण डबा घरून न्या

आधीच सांगून टाकते, जायचं असेल तर जा. मोठ्यांचे बाराशे रुपये, पोट्ट्यांचे सातशे, सकाळी साडेपाचला काटोल नाक्यावर जमायचं आणि दुपारी तीनपर्यंत मोकळं. ग्रुपचं नाव इथे लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि चार-पाच पोरांनी नोकरी सांभाळून चालवलेलं काम आहे, उगाच कोणी जाऊन एक स्टार देऊन येईल. विचारणाऱ्यांना मेसेजमधे सांगेन.

मी गेले त्याचं कारण एकदम साधं. माझ्या भासऱ्यांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे आणि तिथे दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणतरी ओलाव्यातल्या ठशाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकतो, की मग "वाघ आला वाघ आला", रात्रीचं ओलित बंद, मजूर यायला तयार नाहीत. बरं, वाघ येऊच शकत नाही असंही नाही, बोर आणि पेंच या दोन व्याघ्र प्रकल्पांच्या मधला जंगलाचा पट्टा याच बाजूनी जातो, 2019 ला तर मिहानकडे वाघ फिरून गेला आणि 2021 ला बिबट्या गायत्री नगरपासून महाराजबागेपर्यंत येऊन गेला, सगळ्या नागपूरने पाहिलंय. म्हणून म्हटलं निदान कुत्रा कोणता आणि बिबट कोणता एवढं तरी कळू दे.

आता चांगलं काय ते. पहिली गोष्ट म्हणजे हे अभयारण्यात नाही, बाहेर आहे, एका शेताला लागून नाला आणि झुडपी जंगल, आणि तिथे पायी फिरवतात. पेंच म्हणा की उमरेड-कऱ्हांडला, जिप्सीतून खाली उतरता येत नाही, त्यामुळे ठसा दिसला तरी वरूनच, गाईड म्हणतो "वाघिणीचा आहे", आपण हाव म्हणतो, गाडी पुढे. इथे गुडघ्यावर बसून बघता येतं. आणि एवढ्या पहाटे का बोलावतात ते तिथे गेल्यावर समजतं, ऊन तिरपं असेल तर ठशाच्या कडांची सावली पडते आणि सगळं उठून दिसतं, अकरा वाजता तोच ठसा शोधून सापडत नाही.

शिकवणारे दोघं आहेत. एक शहरातले सर, ते ठीकच. पण दुसरे काकाजी, बाजूच्याच गावचे, ते खरे. काकाजी ठसा बघून प्राण्याचं नाव सांगतच नाहीत! आधी विचारतात, "हा कोण नाही ते सांगा." नखं उमटली का? उमटली असतील तर बहुतेक मांजर कुळातला नाही, कारण वाघ-बिबट चालताना नखं आत ओढून घेतात (निसरड्या चिखलात मात्र त्यांचीही टोचतात, म्हणून एका ठशावर भरोसा नाही). मग तळव्याची मागची कड बघायची, तिथे तीन फुगीर भाग असले तर मांजर, तळवा तिकोनी असून बोटं दोन्ही बाजूंनी सारखी मांडलेली असतील तर कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्यातलं कोणीतरी. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो, ही गोष्ट मला माहीतच नव्हती. अस्वलाला पाच बोटं जवळपास एका ओळीत आणि पुढच्या पायाची नखं बोटांपासून पार लांब जाऊन टोचलेली, मागचा पाय मात्र माणसाच्या पावलासारखा, म्हणून गावात भुताच्या गोष्टी निघतात म्हणे.

वाघ की बिबट याच्यावर मी तर काकाजींचं डोकंच खाल्लं. बिबट्याचा पंजा साधारण 7 ते 9 सेंटिमीटर रुंद, मोठ्या वाघाचा 12 च्या आसपास नाहीतर वर. पण ओल्या गाळात ठसा पसरतो, बिबट्याचा वाघाएवढा दिसतो, आणि वाघाचं पिल्लू असेल तर उलटं, ठसा बिबट्याएवढा. म्हणून मोजायचं ते घट्ट जमिनीवर आणि पाच-सहा ठसे ओळीनी बघून, बाजूला स्केल नाहीतर दहाचं नाणं ठेवून फोटो. भासऱ्यांच्या ग्रुपवरचे फोटो मी काकाजींना दाखवले, एकातही बाजूला काही ठेवलेलं नाही, सगळे नुकत्याच पाणी दिलेल्या वाफ्यातले. काकाजी हसले फक्त.

आणि मग विष्ठा. सकाळी तर्री पोहे खाऊन झाल्यावर तासभर हाच विषय, पण खरं सांगते वर्कशॉपमधला सगळ्यात भारी तास हाच. ठसा वाऱ्याने जातो, पावसाने जातो, ही राहते आणि शिवाय जनावराने काय खाल्लं ते पण सांगते. तरसाची वाळली की पांढरीफटक होते, हाडं चावून खातो ना, त्याचा चुना. बिबट्याच्या विष्ठेत केस गुंडाळलेले. अस्वलाच्या ढिगात बोरं, जांभळं, तेंदूच्या बिया, नाहीतर वाळवी-मुंग्यांचे तुकडे, जो सीझन असेल तसं. उदमांजर बिया अख्ख्याच्या अख्ख्या टाकतं आणि ते पण दगडावर, भिंतीवर, उंच जागा बघून. रोही (नीलगायी) तर एकाच जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्यांचा ढीगच घालतात, म्हणजे शेताच्या कुठल्या कोपऱ्यातून त्यांचं येणंजाणं आहे ते ढीग बघून कळतं, कुंपण आधी तिथे नीट करायचं! हे एक वाक्य ऐकून माझे बाराशे वसूल झाले. हात लावायचा नाही, नाक जवळ न्यायचं नाही, जंतांची अंडी असू शकतात, काडीने उकलायचं. घरचं पण सांगितलं त्यांनी, लेंडीला पांढरं टोक असलं तर पालीची, नसलं तर उंदराची, हे मला आता रोज दिसतंय आणि नको होतं दिसायला.

रानडुकराने उकरलेली जमीन, साळिंदराने कुरतडलेली साल, हे भराभर झालं, शेतीवाल्यांसाठी जरा जास्त वेळ द्यायला पाहिजे होता. एका झाडापाशी थांबवून सांगितलं की वाघ फवारा मारून हद्द आखतो तेव्हा त्याला बासमतीसारखा वास येतो, त्याच्यात आणि बासमतीत सुवासाचं रसायनच एक आहे. त्या झाडाला तसा वास नव्हता बरं का, नुसती माहिती.

तक्रारी. दुपारचा हॉलमधला भाग मला पटला नाही. 1966 पासून पायठशांवरून वाघ मोजायची पद्धत कशी आली, काचेवर कसे ट्रेस करायचे, मग राजस्थानातल्या सरिस्कातले वाघ संपल्याचं 2005 ला उघड झालं आणि 2006 पासून कॅमेऱ्यावर भर आला, हे सगळं ऐकण्यासारखं आहे पण जेवणानंतर, पंखा बंद, प्रोजेक्टरवर ऊन पडतंय, अर्धे लोक डुलत होते. प्लास्टरचे साचे करायला दिले ते कालवलेलं इतकं पातळ की माझ्या पोरीचा साचा उचलताच तुटला, दुसरा करू द्या म्हटलं तर सामान संपलं. पुस्तिका दिली ती फक्त इंग्रजीत, आणि समोर बसलेले अर्धे काटोल-कळमेश्वरचे शेतकरी, काहून बा? जेवण म्हणजे गार वरण-भात, डबा न्याच.

एक जण म्हणाला फोनवरच्या ॲपमधे फोटो टाकला की नाव येतं, कशाला एवढी पायपीट. अख्खा प्राणी किंवा पक्षी दिसत असेल तर येतं बहुतेक वेळा, पण अर्ध्या ठशाला ॲप पण बिचारं काय करणार, त्याला आजूबाजूचा नाला, ढीग, ओरबाडलेलं झाड दिसत नाही.

जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर लगेच जा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे नाल्याची माती ठसे धरते, मार्चनंतर नुसती धूळ. मळके बूट, फुल पँट. दहाच्या खालचं लेकरू नेऊ नका, कंटाळतं. साळिंदराचे काटे, शिंगं, नखं काही सापडलं तर फोटो काढा आणि तिथेच सोडा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरात ठेवणं महागात पडू शकतं, हे त्यांनी दोनदा बजावलं. आणि जिवंत जनावर वस्तीत दिसलं तर ग्रुपवर व्हिडिओ टाकण्याआधी वन खात्याचा 1926 हा नंबर लावा. बुकिंग फोनवरच होतं, पैसे आधी मागतात, काकाजी त्या दिवशी आहेत का ते विचारूनच भरा.